सतरा नंबरचे जोड

दोन देशांतल्या दोन कंपन्यांनी हातमिळवणी केली, ती सरहद्दीवरून जाणाऱ्या जुन्या गॅसच्या पाइपलाइनमधून हायड्रोजन न्यायला. करार व्हायला तीन वर्षं लागली. मोठी माणसं जमली की कागद वाढतातच, त्यामुळे करारात जेवणाच्या सुट्टीवरही दोन पानं होती. अठ्ठावन्नाव्या पानावर एक कलम होतं. ज्या वेल्डरचा एक जोड नापास होईल, त्याच्या नंबरचे सगळे जोड कापून नवे घालायचे. हायड्रोजन मोठा खट. पोलाद जिथे कडक झालेलं असेल तिथे तो शिरतो आणि हळूहळू ते ठिसूळ करतो. कलम वाचून अलीकडच्या कंपनीच्या तपासनीसबाईने मान डोलावली होती. त्या वेळी घरी बसलेला आपला बाप तिच्या मनातही आला नाही.

तिचे वडील याच लाइनवर वेल्डर होते. चाळीस वर्षांपूर्वी वेल्डर आपल्या जोडाशेजारी पोलादावर आपला नंबर ठोकत. वडिलांचा नंबर सतरा, जोड दोनशे बारा. आता म्हाताऱ्याला दिसायचं जवळजवळ बंद झालं होतं आणि गुडघे संपावर गेले होते, पण जोडांचा विषय निघाला की गडी खुर्चीत ताठ होई. त्यातही सरहद्दीवरचा जोड म्हणजे जीव की प्राण. तो दोन्ही कंपन्यांच्या वेल्डरांनी समोरासमोर बसून अर्धा अर्धा केला होता, इकडून सतरा नंबर आणि पलीकडून बेचाळीस. साहेब होते, फोटोवाले होते, बँड होता. ही गोष्ट तिने लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की बँडचा आवाजही ती तोंडाने काढून दाखवायची.

मंगळवारी तोच जोड पोलादाचा कडकपणा मोजणाऱ्या तिच्या यंत्राखाली आला. बेचाळीसचा अर्धा लोण्यासारखा मऊ निघाला आणि सतराचा अर्धा कडक निघून नापास झाला. तिने यंत्र पुसलं, पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही आकडा तोच आला तेव्हा तिने तो लिहून घेतला.

जोड कापला. करारानुसार ज्याचा अर्धा त्याने न्यायचा. बेचाळीस नंबरवाला नऊ वर्षांपूर्वी वारला होता, म्हणून पलीकडच्यांनी त्याचा भाग त्याच्या बायकोला पोचवला. सतराचा भाग तिने गोणपाटात गुंडाळून घरी आणला. अहवालावर शुक्रवारी चार वाजता सह्या व्हायच्या होत्या. त्याआधी बाबांना आपणच सांगावं, एवढंच तिला वाटत होतं.

तिने तुकडा टेबलावर ठेवला आणि काही हातचं न राखता सगळं सांगितलं. बाबांनी जोडावरून अंगठा फिरवला, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उलटा. मध्ये एका जागी अंगठा थांबला.

"हा माझा नाही," ते म्हणाले.

म्हातारा आता कबूल करायला तयार नाही, असं वाटून तिला वाईट वाटलं. पण ते सांगू लागले, आणि शंभर वेळा ऐकलेल्या गोष्टीतला न ऐकलेला भाग बाहेर आला.

फोटोत छान दिसावेत म्हणून त्या दिवशी नंबर सकाळीच ठोकून ठेवले होते, काम व्हायच्या आधी. मग बेचाळीसला घरून निरोप आला. त्याचं पोर गेलं होतं. कार्यक्रम थांबवायची कुणाची छाती नव्हती. त्याची जागा नेमकी फोटोवाल्यांसमोर होती. बाबा त्याला म्हणाले, तू माझ्या बाजूला ये, इकडून कुणाला दिसणार नाही. दोघांनी जागा बदलल्या, नंबर मात्र होते तिथेच राहिले. बेचाळीस मुखवट्याआड रडत जोड करत होता. अर्ध्यावर त्याचा हात थांबला. थांबलेला जोड गार होतो, तो पुन्हा आगीने तापवून मगच पुढे जायचं असतं, नाहीतर पोलाद तिथे कडक होतं. तो न तापवताच पुढे गेला. बाबांनी ते पाहिलं. बोलले असते तर जोड कापावा लागला असता, आणि त्याला घरी पोचायला उशीर झाला असता. पोराचं तोंडही पाहायला मिळालं नसतं.

"गॅसला चाळीस वर्षं चालला की," बाबा म्हणाले. "हायड्रोजन कुणाच्या स्वप्नात होता?"

ती म्हणाली, अहवाल अजून माझ्या हातात आहे, मी शेरा लिहिते. बाबांनी विचारलं, मग काय होईल? मग त्याचे सगळे जोड कापतील, ती म्हणाली.

"आणि नाही लिहिलंस तर माझे."

"सगळे, बाबा. दोनशे अकरा राहिलेत."

बाबांचा अंगठा अजून त्या गार झालेल्या जागेवरच होता.

"मी पाहिलं आणि गप्प बसलो," ते म्हणाले. "म्हणजे जोड माझाच झाला. राहू दे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "त्याचं पोर चार वर्षांचं होतं गं. तूही तेव्हा चार वर्षांचीच होतीस."

तिने तुकडा पुन्हा गोणपाटात गुंडाळला.

शुक्रवारी दोन्हीकडची माणसं टेबलाला बसली. तिने उभ्या आयुष्यात खोटा आकडा लिहिला नव्हता, आणि आजचाही खोटा नव्हता. पलीकडच्या साहेबांनी विचारलं, काही शेरा? ती नाही म्हणाली आणि सही केली. सही करताना तिला कळलं की पाहून गप्प बसणारी आता आपणही झालो.

पुढच्या आठवड्यापासून खोदकाम सुरू झालं. कापलेला प्रत्येक जोड नोंदीसाठी तपासावा लागे. ती संध्याकाळी घरी आली की बाबा विचारत, आज किती?

"चार. चारही मऊ."

"असणारच," ते म्हणत आणि जेवायला बसत. एकदा तिने सांगितलं की बेचाळीसच्या बायकोने तो अर्धा भाग बैठकीच्या खोलीत मांडून ठेवलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. बाबा खूश झाले. म्हणाले, ठेवू दे, नीट केलेला आहे तो. त्या रात्री पहिल्यांदाच ती उशीत तोंड खुपसून रडली.

एकशे नव्वद जोड कापून झाले आणि बाबा झोपेतच गेले. एकवीस राहिले होते. कामाला कुणासाठी थांबायची सवय नसते. दहा दिवसांनी ती पुन्हा चरात उतरली.

शेवटचा जोड तिने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पुसला, यंत्र लावलं, आकडा वाचला आणि लिहिला. मऊ होता. मग सवयीने तिने घड्याळ पाहिलं, घरी पोचायला किती वाजतील याचा हिशोब केला, आणि चरातच खाली बसली. आज किती, असं विचारणारं आता घरी कुणी नव्हतं.