तेजसला दिलेली फाइल

चौकशी दुपारी साडेतीनला होती आणि दोन वाजल्यापासून बाबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या खोलीत बसले होते. कॅमेऱ्यात ते दिसणार नव्हते. तरी शर्ट.

मी आयर्लंडला एमएस करते. सुट्टीत धायरीला घरी आले आणि चौथ्याच दिवशी विद्यापीठाची मेल आली. माझी आणि तेजसची असाइनमेंट शब्दन् शब्द सारखी आहे, ऑनलाइन चौकशीला हजर राहा. दोषी ठरलात तर सेमिस्टर रद्द. तेजस हडपसरचा, पुण्यातल्या कॉलेजपासूनचा मित्र, तिकडेही माझ्याच वर्गात. त्याने माझी फाइल मागितली, 'फक्त बघायला'. मी दिली. साहेबांनी ती जशीच्या तशी स्वतःच्या नावाने जमा केली. प्रोग्रॅममधल्या व्हेरिएबलची नावं बदलण्याएवढेही कष्ट घेतले नाहीत.

आता हे तिकडच्या लोकांना काय समजावणार? आमच्या कॉलेजात एकाचं जर्नल वर्गभर फिरायचं आणि चहाचे डाग घेऊन परत यायचं. सबमिशनच्या आदल्या दिवशी जो द्यायचा नाही, त्याला पुढे कुणी डबा खायलाही बोलवायचं नाही. सर स्वतः माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "अक्षताचं बघून पूर्ण करा." आयर्लंडमध्ये पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाने याबद्दल अठ्ठावीस पानांची नियमावली पाठवली होती. मी न वाचताच 'वाचली' वर क्लिक केलं. चूक माझीच. पण म्हणून राग काही कमी होत नाही.

बाबांना तर गुन्हा कोणता तेच कळत नव्हतं. पाटबंधारे खात्यात नोकरी करताना त्यांनी वीस वर्षं दर रविवारी विहारात स्पर्धा परीक्षांचे वर्ग फुकट घेतले, स्वतःच्या हाताने काढलेल्या नोट्स मागेल त्याला दिल्या. त्यांना स्वतःला शिकताना कुणी दिल्या नव्हत्या. विचारल्यावर पुस्तक दप्तरात सरकवणारा वर्गमित्र त्यांना अजून नावानिशी आठवतो. "दिलीस, त्यात काय चुकलं?" असं त्यांनी आठवडाभरात दहा वेळा विचारलं आणि दहाही वेळा मी खेकसले.

पडद्यावर तिघं जण आले. कुणी आवाज चढवला नाही, त्याचाच जास्त त्रास झाला. फाइल दिलीत का? हो. का दिलीत?

"त्याने मागितली म्हणून."

"एवढंच कारण?" मधल्या बाईंनी विचारलं.

एवढंच होतं. इंग्रजीत ते फारच बावळट वाटत होतं.

मग शेवटचा प्रश्न आला. त्याने उद्या पुन्हा मागितली तर?

त्यांना कोणतं उत्तर हवंय ते मला कळत होतं. बाबांना इंग्रजी चांगलं समजतं, हेही माहीत होतं. त्यांच्याकडे न बघता मी म्हणाले, "देणार नाही."

बाईंनी ते लिहून घेतलं. निकाल कळेपर्यंत तेजसशी या विषयावर बोलायचं नाही, अशी सूचना केली. कॉल संपला.

तेजसची वेळ सव्वाचारची होती. चारला त्याचा मेसेज आला. 'काय विचारलं? लास्ट क्वेश्चन काय होता? सांग ना यार, पटकन.' व्हायवा देऊन बाहेर आलं की दाराशी उभी असलेली पोरं हेच विचारायची आणि मी सगळं सांगायचे. आता मात्र डोकंच फिरलं. मी तो मेसेज बाबांना वाचून दाखवला.

बाबा उठले. "तुला बोलायची मनाई आहे. मला कुठे आहे? शेवटचं उत्तर तेवढं सांगतो त्याला. पोराचं सेमिस्टर वाचेल. नंबर दे." त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्या वहीचं मागचं पान उघडलं.

"नाही देणार."

"अगं, नुसता नंबर."

"मी आत्ता त्यांना काय सांगितलं ते ऐकलंत ना?"

"ते त्यांना सांगितलंस. मी कोण आहे?"

मी ओरडले. ही वाटत सुटायची सवय तुमचीच, तुमच्यामुळे मला कुणाला नाही म्हणता येत नाही, तुमच्यामुळे ही वेळ आली. बोलून गेले आणि लगेच वाईट वाटलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि बाहेर जाऊन बसले. तेजसचे तीन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत.

दहा दिवसांनी निकाल लागला. मला लेखी ताकीद, तेजसचं सेमिस्टर रद्द. त्याने मला एकच मेसेज केला. त्याला शेवटी विचारलं होतं, अक्षताने उद्या तुझी फाइल मागितली तर? 'मी म्हटलं, लगेच देईन, मैत्रीण आहे ती. तेच चुकलं वाटतं.'

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "त्या पोराचं काय झालं गं?"

"अजून कळलं नाही," मी म्हणाले.