सहा खाटांचा नियम

यल्लव्वानं भावाच्या तोंडाला फुलपात्र लावलं आणि गंगव्वानं ते हिसकावून घेतलं. पाणी चादरीवर सांडलं.

"वैरी बी पाणी देतो गं," आनेकलहून पहिल्या बसनं आलेली ही नणंद म्हणाली. "तू तर बायको त्याची."

"पाण्यानंच जाईल तो, आक्का."

गंगव्वा बेंगळुरातल्या या इस्पितळात बारा वर्षं आया होती. गेल्या साली नव्या डॉक्टरांनी अर्धांगाच्या रोग्यांसाठी सहा खाटा वेगळ्या काढल्या, त्या तिच्याकडे आल्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि रोग्याला गिळता येतं असं सिस्टर अनुसूया सांगत नाहीत तोवर तोंडातून थेंबही द्यायचा नाही. पाणी पोटाऐवजी छातीत उतरतं. किती नातेवाइकांना तिनं हे तोऱ्यात सुनावलं होतं, कितीजणांचे तांबे काढून घेतले होते. लोक शिव्या द्यायचे, तिला त्याचं काही वाटत नसे. परवा तिसऱ्या खाटेवर तिचाच नवरा येऊन पडला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

शिवाप्पाची उजवी बाजू गेली होती, वाचाही. नाकातल्या नळीतून पाणी जात होतं, तरी ओठांना भेगा पडल्या होत्या. डाव्या हाताचा अंगठा तो तोंडाकडे न्यायचा आणि तिच्याकडे बघत राहायचा. ती ओलं फडकं ओठांवरून फिरवायची. तो ते चोखू लागला की काढून घ्यायची. पाणी दिलं तर आपल्या हातानं मरेल. नाही दिलं आणि तो गेलाच, तर बायकोनं तहानेनं मारला असं होईल.

दुपारी सिस्टरांनी गळ्यावर बोट ठेवून चमचाभर पाणी देऊन पाहिलं. शिवाप्पा ठसकला, काळानिळा पडला. यल्लव्वानं भिऊन डोळे मिटले, आणि त्यानंतर तिनं फुलपात्राला हात लावला नाही. स्वल्प दम धरा, उद्या परत बघू, असं सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला शिवाप्पा गेला.

यल्लव्वानं रडत रडत पाण्याचं फुलपात्र पुढं केलं. "दे आता. आता कोण नको म्हणतंय."

गंगव्वानं सिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी मानेनं हो म्हटलं. तिनं शिवाप्पाच्या मानेखाली हात घालून डोकं उचलून धरलं आणि चमच्यानं थोडंसं पाणी तोंडात सोडलं. मग ते नीट उतरतंय का ते बघत, त्याच्या गळ्यावर बोट ठेवून ती थांबली.