डाव्या हाताचा अंगठा

दीपमालाचं पत्र आलं ते २००१ सालच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी. निवृत्ती गायधनींनी त्याला उत्तर दिलं नाही. आज देऊ, उद्या देऊ असं करता करता सात वर्षं गेली. पत्र निळं, आंतर्देशीय, उघडताना एका कडेला फाटलेलं. पण फाटलेल्या जागेसकट मजकूर त्यांना पाठ होता. नाशिकला इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सोबतीचे पेन्शनर भाजीच्या भावावर बोलत असले, की यांच्या डोक्यात तो आपोआप सुरू व्हायचा.

'काका, इथले मास्तर विचारतात, डाव्या हाताचा अंगठा असा आत मुडपून का धरतेस? मी म्हटलं, आमच्या पुस्तकात तसंच आहे. ते हसले नाहीत. म्हणाले, अशी एखादी जुनी पद्धत असेल तर मला ते पान दाखव. नसेल तर आत्ताच हात बदल, नाहीतर हात जाईल. तर ते पान पाठवा. आणि चूक असेल तर चूक आहे असं लिहा, मला राग येणार नाही. फक्त लवकर लिहा. वाजवून उठलं की मनगट सुजतं.'

त्या पानाची गोष्ट दहा वर्षं आधीची. गायधनी तेव्हा गावातल्या एका जुन्या वाचनालयात सहायक ग्रंथपाल होते. माणूस इतका भिडस्त, की सभासदाकडे उशिराचा दंड मागताना स्वतःचेच कान लाल व्हायचे. पण दंड सोडायचे नाहीत. नियम म्हणजे नियम. १९९१ साली देवळालीचे एक पारशी गृहस्थ वारले आणि त्यांच्या भाच्यांनी घरातलं सगळं टेंपोत भरून वाचनालयाला देणगी म्हणून दिलं. पुस्तकं, तबकड्या, त्या वाजवायचं यंत्र आणि एक पियानो. पुस्तकं पाहून कार्यकारिणी खूश झाली. पियानोबद्दल अध्यक्ष म्हणाले, इथे शांतता राखा अशी पाटी आहे, तिच्याखाली हे धूड ठेवायचं का? परत पाठवायलाही कोणी तयार होईना, म्हणून तो मागच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमध्ये ढकलला गेला.

वाचनालय दुपारी बारा ते चार बंद असायचं. सगळे घरी जेवायला जात. गायधनी डबा तिथेच खात आणि मागच्या खोलीत जाऊन अगदी हळू आवाजात तबकडी लावत. ते जॅझ होतं हे त्यांना पाकिटावर वाचून कळलं. कळत काही नव्हतं, पण आवडत होतं, आणि आवडतं हे कुणाला सांगायची लाज वाटत होती.

सरस्वतीच्या तसबिरीला रोज हार यायचा तो मखमलाबादच्या धोंडाबाई माळोदेंकडून. त्यांचा झेंडू-गुलाबाचा मळा होता आणि फुलबाजारात बसायची जागा. सुटीत सोबत मुलगी असायची, दीपमाला, अकरा वर्षांची. तिचा बाप नाथा गावच्या भजनी मंडळात, आणि पोरगी पेटी अशी वाजवायची की म्हातारे टाळकरी तिला जागा करून द्यायचे. एका दुपारी हार देऊन धोंडाबाई पायरीवर टेकल्या आणि दीपमाला आवाजाच्या मागाने आत गेली. गायधनी चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. तबकडी संपेपर्यंत ती ऐकत राहिली, मग पियानोचं झाकण उघडून दोनचार पट्ट्या चाचपल्या आणि आत्ता ऐकलेली चाल उजव्या हाताने जशीच्या तशी काढली. डावा हात मात्र हवेत पुढेमागे होत होता. तो भाता मारत होता.

"इथं भाता नाय का?" तिने विचारलं.

"नाही," गायधनी म्हणाले. "इथे तो हातही वाजवायचा असतो."

"काय वाजवायचं त्यानं?"

हे त्यांना माहीत नव्हतं. पण देणगीच्या पुस्तकांत पियानो शिकवणारं एक जुनं विलायती पुस्तक होतं, कव्हर गेलेलं. पुस्तकातून काहीही शिकता येतं यावर त्यांची श्रद्धा होती, कदाचित तेवढी एकच. तीन महिने खपून ते इंग्रजी स्वरलिपी वाचायला शिकले आणि दोनशे पानी वहीत सगळे धडे देवनागरीत उतरवले. वर सारेगम, खाली बोटांचे आकडे. आकडे एक ते चारच होते. मध्ये मध्ये फुलीची खूण होती. फुलीचा अर्थ त्यांना शोधावा लागला नाही. वाचनालयाच्या दाखल-रजिस्टरात ज्या पुस्तकापुढे फुली ते पुस्तक बाद. तीस वर्षांची सवय. त्यांनी वहीतून फुल्या गाळल्या आणि दीपमालाला सांगितलं, डाव्या हाताला चारच बोटं, अंगठा लावायचा नाही. तिलाही ते पटलं. अंगठा भात्याची फळी धरायला असतो, असं तिच्या बापानेही सांगितलं होतं. उजव्या हाताचं तिने कुणाचंच ऐकलं नाही, तो पेटीवर आधीच तयार झालेला होता.

त्यांना एकदा शंका आली होती, नाही असं नाही. शरणपूरच्या बाजूला चर्चमध्ये वाजवणारं कुणीतरी असणार, जाऊन विचारावं, असं ठरवून ते तीनदा फाटकापर्यंत गेले. तिन्ही वेळा आत पेटी वाजत होती. काय म्हणून ओळख द्यायची, हे न सुचल्याने तिन्ही वेळा परत आले.

सात वर्षं पोरगी शाळा सांभाळून दुपारी बारा ते चार त्या खोलीत वाजवत होती. धडे वर्षात संपले. मग तबकड्या. एकेका तबकडीचा ती महिनाभर कीस काढायची, आणि महिन्याने त्यातून जे निघायचं ते तबकडीत नसायचं. तिचा डावा हात अंगठ्यावाचून उड्या मारत जायचा. खालचे सूर तुटक पडायचे, मध्ये मोकळी जागा राहायची. लंगडा माणूस चालतोय असं वाटायचं, पण समेवर सगळ्यांच्या आधी पोचलेला. ऐकताना गायधनींच्या अंगावर काटा यायचा, आणि लगेच वाटायचं, आपल्याला काय कळतंय.

१९९९ला देवळालीत एका पारशी लग्नात मुंबईचा बँड आला. धोंडाबाईंकडे फुलांचं काम होतं. बँडवाले जेवायला गेले तेव्हा दीपमाला हातातली परडी ठेवून पियानोवर बसली. बँडचा म्होरक्या, एक गोव्याचा म्हातारा, ताट घेऊन उभा होता तो ताट कुणाच्या तरी हातात देऊन तिच्यामागे येऊन उभा राहिला. महिनाभरात त्याच्या बोलावण्यावर ती मुंबईला गेली. निघताना वही घेऊन गेली, पुस्तक वाचनालयाचं म्हणून ठेवून गेली.

आणि दोन वर्षांनी ते पत्र.

गायधनी तेव्हा नुकते निवृत्त झाले होते. पत्र वाचून ते तसेच वाचनालयात गेले, पान पाठवायचंच होतं. नवा कारकून योगेश म्हणाला, "सर, तुम्ही न्या हो तसंच, तुम्हाला कसला शिक्का?" हे म्हणाले, नियमाप्रमाणे नोंद कर. पुस्तकाला कव्हर नव्हतं म्हणून तारखेची पट्टी पहिल्याच पानावर चिकटवलेली होती, दहा वर्षांत एकही तारीख न पडलेली. योगेशने शिक्का दणकन मारला. खळ वाळून गेली होती. पट्टीचं एक टोक सुटलं आणि खालून छापील अक्षरं दिसली.

घरी येऊन त्यांनी ओल्या फडक्याने पट्टी सोडवली. खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. या पुस्तकात फुलीची खूण अंगठ्यासाठी आहे, आणि एक ते चार हे आकडे पुढच्या चार बोटांसाठी.

ती पट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने चिकटवली होती. न वाचता. देणगीची चारशे पुस्तकं होती, चारशे पट्ट्या एका आठवड्यात चिकटवल्या होत्या, आणि त्याबद्दल अध्यक्षांनी शाबासकीही दिली होती.

त्या आठवड्यात त्यांनी अकरा वेळा पत्र लिहायला घेतलं. 'चि. दीपमाला हीस अनेक आशीर्वाद' इथपर्यंत नीट जायचं. मग जुन्या विलायती पद्धतीत अंगठ्याची खूण वेगळी कशी असे, यावर तीन पानं व्हायची, आणि चूक कुणाची ते कुठेच यायचं नाही. ते फाडायचे. बरं, लिहून काय होणार? दहा वर्षांचा हात मोडून पहिल्यापासून शिक म्हणायचं? आणि समजा तिचं वाजवणं त्या चुकीतूनच उभं राहिलेलं असलं तर? आपण कोण सांगणारे? असे प्रश्न त्यांना पुष्कळ सुचत. दिवाळीला तिचं एक कार्ड आलं, 'पत्र पोचलं नसेल.' त्यालाही उत्तर गेलं नाही. फुलबाजाराची गल्ली त्यांनी सोडली. घरात देवाला फुलं दुसरीकडून येऊ लागली.

मंगलाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, पत्र पुस्तकात सापडलं होतं. त्या एकदाच बोलल्या. "जन्मभर लोकांना उशीर झाला म्हणून दंड लावलात, आणि स्वतः लेकराचं पत्र दाबून बसलात."

दीपमाला मात्र वर चढत गेली. हॉटेलातून जलशात, जलशातून दिल्ली, मग परदेशातले महोत्सव. तिची सीडी निघाली. इंग्रजी पेपरात तिच्या 'चार बोटांच्या डाव्या हाता'वर लेख आले. गायधनी ते कापून ठेवत. २००७च्या एका मुलाखतीत तिला विचारलं होतं, की ही पद्धत चुकीची आहे असं काही जाणकार म्हणतात, त्याचं काय? ती म्हणाली होती, 'मी माझ्या गुरूंना पत्र लिहून विचारलं होतं. चूक असती तर त्यांनी कळवलं असतं. छापील पुस्तकात एक काना चुकला तरी पेन्सिलीने खूण करणारा माणूस आहे तो.'

ते कात्रण त्यांनी ठेवलं नाही. टाकताही येईना. दोन दिवस ते खिशात घेऊन फिरले.

२००८च्या डिसेंबरात ती नाशिकला आली. रविवारची सकाळची मैफल. गायधनी एकटेच गेले आणि शेवटच्या रांगेत, खांबाआड बसले. पहिला अर्धा तास ती अशी वाजवत होती की शेजारचा माणूस मान हलवायचंही विसरला. मग एका भरधाव तुकड्यात डावा हात थांबला. एक क्षणभरच. तिने तो पट्ट्यांवरून उचलला, पियानोच्या कडेवर ठेवला आणि उरलेलं सगळं उजव्या हाताने वाजवलं. डावा हात कडेवर पुढेमागे, पुढेमागे होत होता. लोकांना वाटलं, ही तिची लकब. टाळ्या थांबेनात. सबंध सभागृहात तो हात ओळखणारी दोनच माणसं होती, आणि दुसरी बाहेर पडताना दारातच भेटली.

धोंडाबाई थकल्या होत्या. "काका, लय दिवसांनी," म्हणून त्यांनी वाकून नमस्कार केला. नको नको म्हणत हे मागे सरले. "भात्यावर गेला बघा हात. वर्ष झालं असं व्हतंय. डॉक्टर म्हणतो, अंगठा घालून नव्यानं शिक, सहा महिन्यात हात येईल. नायतर हा हात गेला म्हणून समज. ती ऐकती व्हय? म्हणती, काकांनी दिलेलं मी मोडणार नाय. तुम्हीच सांगा तिला. आत हाय, चला."

सांगायचं होतं ते तोंडापर्यंत आलं. दहा पावलांवर दार होतं. चर्चचं दारही फाटकापासून एवढंच लांब असायचं.

"पत्ता तोच आहे का?" त्यांनी विचारलं.

"कसला पत्ता?"

"पत्राचा."

धोंडाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर माहीमचा पत्ता सांगून लिहून घ्यायला लावला, आणि पुन्हा 'आत चला' म्हणाल्या नाहीत.

घरी आल्यावर जेवण न करता ते टेबलाशी बसले. सात वर्षांत परत न केलेलं पुस्तक काढलं. दाढीच्या पात्याने पहिलं पान शिवणीलगत कापलं. जन्मात त्यांनी पुस्तकाचं पान कापलं नव्हतं. कापणाऱ्या दोन सभासदांची नावं मात्र काढून टाकली होती. कड वाकडी आली. मंगलाबाई दारात उभ्या होत्या.

'चि. दीपमाला, तू मागितलेलं पान पाठवतो आहे. फुली म्हणजे अंगठा. त्या ओळीवर तारखेची पट्टी मी चिकटवली होती आणि न वाचता तुला शिकवलं. ही कुठलीच पद्धत नाही, माझी चूक आहे. डॉक्टर सांगतात तसा हात बदल. — निवृत्तीकाका.'

अर्ध्या पानात संपलं. पाकीट बंद करून त्यांनी पत्ता घातला. मंगलाबाई म्हणाल्या, "सगळं लिहिलंत?"

त्यांनी पाकीट फाडलं. पत्र पुन्हा पुढे घेतलं आणि सहीच्या खाली लिहिलं, 'हे मला तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात कळलं होतं.' एवढ्या एका ओळीला दुपारचे चार वाजले. राग मानू नकोस असं लिहावंसं वाटलं, पण तेवढा हक्क आता उरला नव्हता.

सोमवारी पोस्ट उघडायच्या आधीच ते दाराशी होते. खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजन करून विचारलं, साधं पाठवायचं का रजिस्टर? हे म्हणाले, लवकरात लवकर जाईल ते. बाईंनी पाकिटावर शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात टाकलं. गायधनी तिथेच उभे राहिले, पोत्याकडे बघत.

"आजोबा, झालं ना तुमचं?" मागचा माणूस म्हणाला.

त्यांनी पावतीची घडी केली, खिशात घातली आणि बाजूला झाले.