पन्नास पावलांवरचा आवाज

"बोलली! बोलली!" असा ओरडा झाला आणि सगळी गल्ली माझ्या धाकट्या बहिणीच्या दारात लोटली. टेबलावर वस्तीत नव्यानं आलेल्या एका महाराजांनी दिलेली पितळी डबी होती आणि चार महिन्यांपूर्वी अपघातात गेलेली माझी भाची त्या डबीतून बोलत होती, "आई, मी येईपर्यंत कुठे जाऊ नकोस हं."

बायका रडल्या. मलाही हुंदका आवरेना, खोटं कशाला बोलू?

अशा डब्या वस्तीत पंचवीस घरी होत्या. डबी देण्याआधी महाराज गेलेल्या माणसाचा फोन 'शुद्ध करायला' दोन दिवस ठेवून घेत. "डबी उघडाल तर आत्म्याला कायमचे मुकाल!" असा वर दम. दर शनिवारी ती 'शक्ती भरायला' त्यांच्याकडे न्यायची. काही डब्या मुक्याच राहत. तिथे महाराज मान हलवत, "श्रद्धा कच्ची आहे, बाई."

मी हे हसण्यावारी नेलंही असतं. पण बहिणीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तिनं जाणंच बंद केलं.

"मी तिकडे गेले आणि ती इकडे बोलली तर?"

"अगं, जिवावर बेतेल!"

"तिनंच सांगितलंय ना दादा, कुठे जाऊ नकोस म्हणून?"



मी गणिताचा मास्तर. नववीला निर्देशक शिकवत होतो. म्हटलं, पुस्तकातले बिंदू राहू देत, आपलीच वस्ती मांडू. चौक हा आरंभबिंदू, आडवा अक्ष पूर्वेला, उभा उत्तरेला, दहा पावलं म्हणजे एक एकक. मुलांनी पावलं मोजून डब्यांची घरं आलेखावर मांडली. बोलणाऱ्या डब्या लाल, मुक्या काळ्या.

कागद बघून मी चमकलो. लाल ठिपके सगळे एका घोळक्यात, काळे त्याच्या बाहेर. श्रद्धा काय रिंगण आखून बसते? घोळक्याचा मध्य काढला: (२, १). बहिणीचं घर (५, ५). आडवं अंतर तीन, उभं चार. नऊ अधिक सोळा पंचवीस, म्हणजे तिरकं अंतर पाच. पन्नास पावलं. एकही लाल घर त्याहून लांब नव्हतं आणि एकही काळं त्याहून जवळ नव्हतं.

(२, १) वर किल्लीवाल्याचं बंद दुकान होतं. बंद कसलं! दार ढकललं तर आत महाराजांचा चेला मोबाइल घेऊन बसलेला; मी तो हिसकावून घेतला. त्यात घरांची यादी आणि बहिणीच्या घरापुढे भाचीचे जुने आवाजी निरोप. शुद्ध करायला दिलेल्या फोनमधून उचललेले. तो फोन नेऊन देणारा गाढव मीच.

खात्री करायला मी एक निरोप दाबला. "आई, दार उघड, मी आले." आणि तसाच धावत बहिणीकडे गेलो. ती दार सताड उघडून उभी होती.

"दादा, वाटेत दिसली का रे ती?"

मी डबी फोडली. आत एवढासा ब्लूटूथ स्पीकर, ज्याला मोबाइल पन्नास पावलांपर्यंतच पोचायचा, आणि बॅटरी. शनिवारी भरायची ती शक्ती हीच. कागद दाखवला, सगळं सांगितलं. तिनं फुटलेली डबी हातात घेतली.

"पण आवाज तिचाच होता ना?"

"तिचाच. जुना."

"बरं," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

त्याच संध्याकाळी तिला दवाखान्यात नेलं. डायलिसिसच्या चार पाळ्या चुकल्या होत्या, अंगात विष भिनलं होतं. पाचव्या दिवशी ती गेली.

महाराजांना पोलिसांनी धरलं. मला त्याचं काही वाटत नाही. तुम्हाला मात्र हात जोडून सांगतो, कुणी चमत्कार घेऊन दारात आला तर आधी तो उघडून बघा. उघडू देत नसेल तर तो कुठे चालतो, कुठे चालत नाही, ते मोजा. नववीच्या पोरांना एका दुपारी जमलं. मी शिकलासवरलेला माणूस, पंधरा दिवस नुसता बघत राहिलो.