आधीच्या मालकाला फोन

तोंडावर सगळे त्यांना काका म्हणत आणि पाठीमागे भाडेपंडित. हे दुसरं नाव काकांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. वास्तविक मालमत्ता म्हणाल तर राहत्या घरावरचा दोन खोल्यांचा एक मजला. पण सल्ले असे द्यायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं अख्खी गल्ली यांच्याच मालकीची. किल्ली देण्याआधी सगळे नळ एकदम सोडून बघा. भिंतींचे फोटो काढा, तेही भाडेकरूच्या देखत. गळतीची तक्रार आली की त्याच आठवड्यात प्लंबर पाठवा, नाहीतर चांगला माणूस हातचा जातो. आणि काहीही झालं तरी आधीच्या मालकाला फोन केल्याशिवाय कुणाला घरात घेऊ नका.

कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याने भाड्याने द्यायला म्हणून तळमजल्यावर एक फ्लॅट घेतला, तेव्हा त्यालाही काकांनी चांगलं तासभर बसवून हे सगळं शिकवलं. विद्यार्थी गुणी निघाला. त्याने फोन केला, आणि तो काकांनाच.

"काका, तुमच्या वरच्या ताई माझा फ्लॅट मागताहेत. माणूस म्हणून कशा आहेत?"

वरच्या ताई एका प्रयोगशाळेत दातांच्या कवळ्या बनवायच्या. सहा वर्षं एकट्याच राहत होत्या. त्यांच्या आधीच्या भाडेकरूने स्वयंपाकघरात मोटारसायकल खोलून ठेवली होती. त्याच्या आधीचा जाताना दाराच्या कड्याही काढून घेऊन गेला. ताई मात्र भिंतीत खिळा ठोकायचा झाला तरी खाली विचारायला यायच्या. असा भाडेकरू दिवा घेऊन शोधला तरी सापडत नाही, हे काकांइतकं कुणाला कळणार?

ताईंना घर बदलायचं होतं ते वडिलांसाठी. ते चाकाच्या खुर्चीत होते, ताईंच्या भावाकडे राहत होते, आणि तिथे त्यांची खाट हॉलच्या कोपऱ्यात होती. पाहुणे आले की वहिनी खाटेपुढचा पडदा ओढून घ्यायची. काकांचा जिना अरुंद, त्यातून मध्येच वळलेला. खुर्ची वर जायची सोयच नव्हती. चष्मेवाल्याच्या फ्लॅटला एकही पायरी नव्हती. हे सगळं ताईंनीच काकांना मोठ्या आनंदाने सांगितलं होतं.

"बाई चांगली आहे," काका फोनवर म्हणाले. "पण..."

आणि थांबले.

"पण काय?"

"काही नाही, जाऊ दे. तुझं तू ठरव."

खोटं असं ते काहीच बोलले नव्हते. पुढे कितीतरी दिवस त्यांनी स्वतःची समजूत घातली ती हीच. पण घरमालकाला एवढं पुरतं, उरलेलं तो स्वतःच्या धास्तीने भरून काढतो, हे न कळण्याइतका भाडेपंडित भोळा नव्हता. आणि आपल्या सल्ल्याचा अर्धा भाग त्यांनी चष्मेवाल्याला शिकवलाच नव्हता. सध्याच्या मालकाच्या शब्दावर कधी जाऊ नये. वाईट भाडेकरू टळावा म्हणून तो त्याची स्तुती करतो आणि चांगला त्याला सोडवत नाही. विचारायचं ते त्याच्याही आधीच्या मालकाला.

फ्लॅट दुसऱ्या कुणाला गेला. ताई जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, चष्मेवाल्यांचा विचार बदलला, बघू आता दुसरीकडे. काकांनी तोंडाने हळहळ व्यक्त केली. त्या हळहळीची लाज त्यांना फोनपेक्षाही जास्त वाटली.

त्यानंतर ताई पूर्वीपेक्षाही चांगल्या वागू लागल्या. जिना झाडू लागल्या. काकू तापाने पडल्या तेव्हा दोन्ही वेळा गरम सूप खाली आलं. काकांची खालची कवळी सैल झाली होती, ती ताई घेऊन गेल्या आणि पक्की बसेल अशी करून आणली. काकांना चावणं सोपं झालं आणि गिळणं अवघड. पोटच्या मुलीनेही इतकं केलं नसतं, असं काकू येता-जाता म्हणायच्या. बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. काका ताटावरून उठून जायचे.

शेवटी डोळे तपासायच्या निमित्ताने ते चष्मेवाल्याकडे गेले आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचता वाचता सगळं ओकून मोकळे झाले. चष्मेवाला काच बदलत म्हणाला, आता काय उपयोग, करार झाला, मंडळी राहायलाही आली. वर हसून म्हणाला, तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. काकांना ती माफी शिवीसारखी लागली.

तिथून ते थेट वरच्या मजल्यावर गेले आणि ताईंना उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"तू जाऊ नयेस म्हणून केलं, ताई. दुसरं कारण नव्हतं. तुझ्या बाबांचं माहीत असून केलं."

आता ही रडेल, नाहीतर वाटेल ते बोलेल, अशी त्यांनी तयारी ठेवली होती. खरं तर तिने बोलावंच, असं त्यांना वाटत होतं.

"मला माहीत आहे, काका," ताई शांतपणे म्हणाल्या. "चष्मेवाल्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. 'तुमचे काका बोलता बोलता थांबले,' म्हणाले."

"तेव्हाच? मग हे सूप, ती कवळी... मला जाब का नाही विचारलास?"

ताईंनी ओट्यावरचं फडकं उचललं, त्याची घडी घातली, ती परत मोडली.

"मी अजून घर शोधतेय. जिथे जाईन तिथला मालक फोन तुम्हालाच करणार. तुमच्याशी वाकडं घेऊन माझं कसं चालेल?"

इतके दिवस ज्या चांगुलपणापुढे काकांची मान खाली जात होती, तो चांगुलपणा नव्हताच. ती भीती होती आणि ती त्यांनीच या घरात आणून ठेवली होती. पुढच्या वेळी कुणीही फोन केला तर मी खरं तेच सांगेन, असं त्यांना म्हणायचं होतं. पण त्यांच्या शब्दावर आता कुणी का विश्वास ठेवावा? ते नुसते तिच्याकडे बघत राहिले.

त्यांना गप्प बघून ताईंचा चेहरा उतरला.

"तुम्ही विचारलंत म्हणून तोंडातून गेलं, काका. मनात काही ठेवू नका हं," त्या म्हणाल्या आणि घाईघाईने चहाचं आधण ठेवायला वळल्या.