दसऱ्याची स्पेशल

"थेच आली का रे बाप्पा!" मोटार वळणावर दिसताच वत्सलाबाईने कपाळावर हात मारला. पांढरी लुगडी, पांढरे सदरे घालून, भाकरीची गाठोडी घेऊन सौंसरची सारी वस्ती नागपूरला दीक्षाभूमीवर निघाली होती. "यंदा तं नवी येनार होती ना?"

श्रावण ड्रायव्हरने मान खाली घातली. मालक रघुनाथरावांनी पोळ्यालाच शब्द दिला होता, पण नवी गाडी पहाटेच त्यांच्या पाहुण्यांना घेऊन देवीला गेली. जत्रेला जुनी गाडी, हा मोटारधंद्याचा नियमच. रोजचा प्रवासी रुसला तर दुसऱ्याच्या गाडीत बसतो. वर्षातून एकदा जाणारा कुठे जाणार? म्हणून एरवी संत्र्याच्या पेट्या वाहणाऱ्या या म्हातारीला दसऱ्याला आंघोळ घालायची आणि कपाळावर 'स्पेशल' लिहायचं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

म्हातारीचा सेल्फ कधीच मेला होता. बंद केली की धक्क्याशिवाय चालू होत नसे. सौंसरला श्रावण तिला उतारावर उभी करी. नागपूरच्या सपाट मैदानात मात्र लोक परत येईपर्यंत इंजिन चालू ठेवून तो स्टिअरिंगपाशी बसून राही. भाडं भरलेल्या माणसाला कोणत्या तोंडाने म्हणायचं, उतरा आणि ढकला? वर्षानुवर्षं त्याने अख्खी वस्ती दीक्षाभूमीला नेली, पण स्वतः एकदाही आत गेला नाही.

यंदा नवी गाडी मिळणार म्हणून त्याने पांढरा सदरा शिवला होता. तो खाकीच्या आत तसाच होता.

नागपूरच्या मैदानात सगळे उतरले. त्याची आई शांताबाई मात्र बाकावरून हलली नाही.

"तू येऊन राहिला का?"

"कसा येऊ माय? गाडी चालू हाय."

"मांगच्या सालीबी हेच म्हने. मी मेल्यावर येशीन का?"

"लोकाइले धक्का मारा म्हनू का माय? लाज वाटते."

शांताबाई उठली. त्याच्या पाठीमागे बसून इतकी वर्षं तिने पाहिलं होतं, गाडी कशाने बंद होते ते. निंदण करून करून वाकडी झालेली बोटं तिने पुढे केली आणि बटण खसकन ओढलं. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

 खिडकीखालून वत्सलाबाई ओरडली, "उतर आता भाऊ! तू आमाले एवढे वर्स आनलं, आमाले का हात नाई?"

खाकी शर्ट सीटवर टाकून श्रावण उतरला. आईला सांभाळत गर्दीतून आत पोचला, हात जोडले आणि त्याला रडू आवरेना. शांताबाईने त्याला रडू दिलं.

परतताना बायकांनीही पदर खोचले. "जयभीम!" म्हणत साऱ्यांनी जोर लावला आणि म्हातारी धूर ओकत चालू झाली.

दुसऱ्या दिवशी श्रावणने गाडी धुवायला काढली. पुढून, दोन्ही बाजूंनी लख्ख केली. मागच्या पत्र्यावरच्या धुळीत हातांचे ठसे होते, एकावर एक. सगळ्यांत खाली एक लहानसा, वाकड्या बोटांचा.

"मांगची बाजू राहिली ना रे धुवाची," रघुनाथराव ओट्यावरून म्हणाले.

"हो मालक, धुतो," श्रावण म्हणाला आणि बादलीतलं उरलेलं पाणी त्याने चाकावर ओतून टाकलं.