गोळी विरघळेपर्यंत

"जीभ वर करा," ती म्हणाली.

नवऱ्याने जीभ टाळ्याला लावली. चिमटीतली पांढरी गोळी तिने जिभेखाली ठेवली, बोट फडक्याला पुसलं आणि डबीला कुलूप लावून किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात पुन्हा अडकवली. आता गोळी विरघळेपर्यंत त्याने बोलायचं नाही, गिळायचं नाही, पाणीही प्यायचं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून हे शिकवलं होतं. गिळली की गोळी वाया.

"ही गोळी मला कुणी आधी दाखवली असती," सासूबाई आतून म्हणाल्या, "तर तुझ्या सासऱ्यांना सकाळ-संध्याकाळ दिली असती."

विनोद रोजचाच होता. नवरा मिटल्या तोंडाने हसला. ती काही हसली नाही. तोंड मिटून बसला होता खरा, पण एका हातात आरसा होता, दुसऱ्यात कंगवा, आणि अंगात इस्त्रीचा शर्ट. दारात पंक्चर काढायला बसणाऱ्या माणसाला इस्त्रीचा शर्ट कशाला लागतो? आज प्रश्नवाली यायची होती ना, म्हणून.

प्रश्नवाली हे तिने मनातल्या मनात ठेवलेलं नाव. बाकी सगळे मॅडमच म्हणत. विद्यापीठाची बाई होती. तुरुंगातून सुटून खेड्यात परतलेल्या माणसांना व्यसनाचं औषध घ्यायला रोज शहर गाठणं जमत नाही. तेच औषध घरच्या माणसाच्या हातून दिलं तर टिकतं का, हे ती शोधत होती. न्यायालयाने नवऱ्याला सोडलं होतं ते याच अटीवर. बायकोने रोज समोर बसवून गोळी द्यायची. गोळी चुकली, थुंकली, लपवली, तर घरचं औषध बंद आणि साहेब परत आत. त्या कागदावर अंगठ्याशेजारी अंगठा दोघांचाही होता.

नवरा ट्रक चालवायचा. पाठीच्या दुखण्यावर गोळ्या घ्यायला लागला, गोळ्यांवरून पावडरीवर गेला, आणि शेवटी दुसऱ्याची पावडर स्वतःच्या गाडीत घेऊन निघाला तेव्हा नाक्यावर सापडला. लोकांना वाटायचं, तो आत गेला तेव्हा हिचं आयुष्य मातीत गेलं असेल. खरं सांगायचं तर तसं झालंच नव्हतं. भेटीच्या दिवशी ती ठेवणीतले कपडे घालून जायची आणि जाळीपलीकडे तो आधीच येऊन बसलेला असायचा. पत्रा दुरुस्त केलास का, मशीनचा पट्टा बदललास का, रात्री झोप लागते का? असं त्याने लग्नानंतर कधी विचारलं नव्हतं. शिपाई "चला, वेळ झाली" म्हणायचा तरी याचं बोलणं संपायचं नाही. जाळीत बोटं अडकवून तिच्याकडे बघत राहायचा.

मग तो घरी आला आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. पोळलेला माणूस गप्पच असायचा, अशी तिने मनाची समजूत घातली. पण प्रश्नवाली आली की गुळणी सुटायची, ते कसं?

स्कूटर दारात थांबली.

"काय दादा, बरे आहात ना? वहिनी, पाणी द्या हं, घसा कोरडा पडलाय."

दादा म्हणे. तोंडाने दादा म्हटलं की झालं, मग दार लावून कितीही वेळ बसायला मोकळी. दार लावावंच लागतं, असा तिचा नियम होता. घरच्यांसमोर माणूस मोकळं बोलत नाही म्हणायची. या "घरच्यांसमोर"चं हिला दर वेळी नव्याने दुखायचं.

दार लागलं. ती ओसरीवर मशीनवर बसली. शाळेच्या गणवेशाच्या कॉलरी पुढ्यात होत्या. मशीन थांबवलं तर आत कळणार की ही ऐकतेय, आणि चालवलं तर काही ऐकू यायचं नाही. तिने कापड काढून घेतलं आणि रिकामंच मशीन हळूहळू चालवत कान दाराला लावला. शब्द नाहीच कळले, नुसता आवाज. तो बोलत होता, थांबून थांबून पण बोलत होता. एकदा हसला. आणि मग नाक शिंकरल्याचा आवाज.

तिचा पाय थांबला. रडला हा. तिच्यापुढे डोळ्यांत टिपूस नाही, आणि परक्या बाईपुढे नाक शिंकरेपर्यंत रडला.

"दोरा गुंतला का ग?" सासूबाईंनी विचारलं.

"गुंतला," ती म्हणाली. खरोखरच गुंतला होता.

तो बाहेर आला तो डोळे धुतल्यासारखे घेऊन, तिच्याकडे न बघता अंगणात गेला आणि एक ट्यूब पंपाला लावून बसला. "काय बोलणं झालं?" असं तिने पूर्वी दोनतीनदा विचारून पाहिलं होतं. "काही नाही, प्रश्न असतात त्यांचे," एवढंच उत्तर यायचं. ताकास तूर लागू द्यायचा नाही.

"वहिनी," प्रश्नवाली दारातून म्हणाली, "आज तुमचेही प्रश्न आहेत. या ना."

आत खुर्चीवर अजून त्याच्या अंगाची ऊब होती. ती त्याच खुर्चीवर बसली. प्रश्नवालीने दार लावलं, पण उकाड्यामुळे खिडकी उघडली. बाहेर पंपाचा आवाज चालू होता.

"हे तुम्हाला काय सांगतात?" तिनेच आधी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही, वहिनी. तुमचंही त्यांना सांगणार नाही. औषधाचं काही बिघडलं तर तेवढं मात्र डॉक्टरांना कळवावं लागतं."

"मी बायको आहे त्यांची."

"हो," प्रश्नवाली म्हणाली, आणि बिचारीने खाली बघितलं. तेही हिच्या डोळ्यांत खुपलं. कीव करते काय माझी?

"या महिन्यात एखादी गोळी चुकली? किंवा त्यांनी घ्यायला कुरकुर केली?"

एकही चुकली नव्हती. तापातसुद्धा त्याने शहाण्या पोरासारखी जीभ वर केली होती. तिला जाळी आठवली, जाळीतली बोटं आठवली. तिथे दार लावून बसणारी कुणी नव्हती. तिथे तो फक्त तिचा होता.

"एकदा थुंकली," ती म्हणाली.

बाहेरचा पंप थांबला.

प्रश्नवालीचं पेन वर आलं. "थुंकली? नक्की?"

"मी पाहिलं ना."

"वहिनी, हे डॉक्टरांकडे जाईल. तिथून न्यायालयात. याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे."

दार ढकलून तो आत आला. हात काळे झाले होते, आणि इस्त्रीच्या शर्टालाही काळं लागलं होतं. तो आपल्याकडे बघेल असं तिला वाटलं.

"थुंकली होती मी," तो प्रश्नवालीला म्हणाला. "गेल्या आठवड्यात. पोटात मळमळत होतं. हिने दटावलंसुद्धा मला. हिच्याकडून काही चूक नाही, मॅडम. जे लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

खोटं बोलण्यात तो पहिल्यापासून पटाईत. पावडरीच्या दिवसांत त्याने तिला इतकं खोटं ऐकवलं होतं की त्याची पापणी कुठे लवते तेही तिला पाठ होतं. आताही लवली. फक्त आजवरचं सगळं खोटं स्वतःची कातडी वाचवायला होतं.

प्रश्नवालीने लिहायला सुरुवात केली.

"थांबा," ती म्हणाली. "नाही थुंकली. एकही चुकली नाही. मी खोटं बोलले."

"मग हे?"

"हेही खोटंच बोलतायत."

प्रश्नवालीने आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे बघितलं. "का पण, वहिनी?"

ती गळ्यातली किल्ली दोऱ्यावर पुढेमागे सरकवत राहिली. तो काळे हात पुसायला फडकं शोधू लागला.

"बरं," शेवटी प्रश्नवाली म्हणाली. "तपासणीला यांच्या लघवीचा नमुना नेणारच आहे, त्यात काय ते दिसेल." लिहिलेलं तिने खोडलं. "दादा, तुम्ही बाहेर बसा. वहिनी, आपण पुढचा प्रश्न घेऊ."

संध्याकाळी त्याने तो शर्ट स्वतः धुतला. काळं गेलं नाही. सासूबाईंनी दोघांची तोंडं बघून एकही विनोद केला नाही, यावरून काय ते ओळखावं.

सकाळी तिने डबी उघडली.

"जीभ वर करा."

त्याने केली. गोळी ठेवून तिने डबी बंद केली, किल्ली अडकवली. रोज ती इथून उठून मशीनवर जायची. आज समोरच बसून राहिली.

"तुम्ही आत होता तेव्हा मला बरं वाटायचं," ती म्हणाली.

त्याने मान वर केली. बोलायची तर सोयच नव्हती.

"तुम्हाला परत तिकडे धाडावं असं वाटलं मला काल. मनापासून वाटलं. तिथे तुम्ही मला विचारायचात, झोप लागते का. लागत नव्हती. मी लागते म्हणायचे. अजूनही नाही लागत. तुम्ही शेजारी असता आणि मी तुमचा श्वास ऐकत पडते, की हा माणूस आता कधी बोलेल. आणि त्या बाईपुढे तुम्ही रडलात. मी दाराला कान लावून बसले होते, रिकामं मशीन चालवत. अशी वेळ आणलीत माझ्यावर."

एवढं ती लग्नानंतर एका दमात कधी बोलली नव्हती. मग मशीनच्या पट्ट्याचं सांगितलं, की तो तिने कधी बदललाच नाही, गाठ मारून चालवते. पत्र्याचं सांगितलं. पहिल्या भेटीला जाताना रस्त्यात किती वेळा परत फिरावंसं वाटलं होतं तेही सांगितलं. ऊन उंबऱ्यावरून आत आलं. एक माणूस सायकल ढकलत अंगणात आला, दोघांना असं बसलेलं बघून सायकल भिंतीला टेकवून निघून गेला.

गोळी विरघळायला एवढा वेळ लागत नाही. हे तिला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. त्याने तोंड उघडलं नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो तिच्याकडे बघत होता.

"झाली का ग त्याची गोळी?" सासूबाईंनी आतून विचारलं. "चहा ठेवू?"

तिने नवऱ्याच्या मिटलेल्या तोंडाकडे बघितलं.

"नाही अजून," ती म्हणाली.